पट्टीअण्णांनी न काढलेला चेहरा

मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत माझ्यावर एक लेख येणार आहे. त्याचा मसुदा मला वाचायला दिला आहे. 'बंगळुरातल्या मराठी मुलांना वाचनाची गोडी लावणारे आमचे जुने सेक्रेटरी' असं माझं वर्णन त्यात आहे. लिहिणारी बाई भली आहे. लहानपणी ती आमच्या मंडळात यायची, आणि तिला जे सांगितलं गेलं तेच तिनं लिहिलं. सांगणारा बहुतेक वेळा मीच होतो. तेव्हा आता हे मीच निस्तरलं पाहिजे. गोडी मी लावली नाही. ती लावणारा माणूस निराळा होता, आणि त्याचं काम मी बंद पाडलं.

त्यांचं खरं नाव मी मंडळाला वेगळ्या पत्रानं कळवलं आहे. इथे मुलं म्हणायची तेच म्हणतो. पट्टीअण्णा.

ते निपाणीकडचे. शहराबाहेरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचे. चाळिशीचे असतील. लग्न केलेलं नव्हतं. राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं, तिथे एका अर्धवट बांधलेल्या घराच्या पुढच्या खोलीत राहायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेन्सिली, आणि पाठीमागे शर्टाच्या आत, कण्याला लावून, एक लांब लाकडी पट्टी. बसमध्ये बसले की पट्टी टोचायची म्हणून ते ताठ बसत. नवख्या माणसाला वाटे, काय हा ताठा! खरं तर त्यांच्याइतका कमी ताठ्याचा माणूस मी पाहिला नाही.

त्यांना कुणी काही हकिगत सांगायला लागलं की ते मध्येच विचारत, "कुठनं बघालाय?" म्हणजे तुम्ही उभे कुठे होता? मार्केटात भांडण झालं म्हणून मी एकदा रंगवून सांगत होतो, तर यांचं सुरू: "तुम्ही गाडीच्या अल्याड की पल्याड? उभं की बसलेलं? मग त्येचा हात कसा दिसला तुम्हाला? न्हाई दिसणार." हकिगत तिथेच मेली. माणसं वैतागत. पण सवय लागली की आपणच थापा कमी मारू लागतो, हेही तितकंच खरं.

मी बंगळुरात आलो तो नोकरीसाठी, सरकारी कचेरीत कारकून म्हणून. वडील वारल्यावर धाकट्या भावाला साताऱ्याहून आणून इथल्या शाळेत घातलं. तो माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मीच त्याचा भाऊ आणि मीच बाप, असं मी त्याला आणि जगाला ऐकवत असे. पुढे मंडळाचा सेक्रेटरी झालो. जुन्या पेटेत, म्हणजे इथल्या बाजारपेठेत, एका कापडदुकानावर माडीवर मंडळाची जागा होती. दोन कपाटं पुस्तकं, एक लांब बाक आणि जिन्याच्या तोंडाशी भित्तिपत्रकाची फळी. दर रविवारी मी तिच्यावर सुविचार, एखादी कविता आणि माझा स्वतःचा एक लेख लावत असे. लेखाला मुलं पाठ लावून उभी राहत, कारण तिथे भिंत गार असायची.

मुलांचा दोष नव्हता. बहुतेक घरं इथे कित्येक पिढ्या राहिलेली. घरी मराठी बोलायची, तीही "अक्का, स्वल्प पाणी दे" अशी. शाळेत कन्नड, नाहीतर इंग्रजी. देवनागरी अक्षर दिसलं की पोरं बिचकत. मात्र फूटपाथवर जुनी इंग्रजी चित्रांची पुस्तकं मिळत, ती शर्टाखाली लपवून वाचत. मी दोन-तीनदा जप्त केली होती. समितीत भाषण केलं होतं की चित्रांनी मेंदू आळशी होतो.

पट्टीअण्णा मागच्या बाकावरून म्हणाले, "कुठनं बघितलंसा मेंदू?"

सगळे हसले. मी चिडून म्हणालो, "मग तुम्हीच लावा काहीतरी!"

"लावतो की."

पुढच्या रविवारी त्यांनी आधी माझी फळी भिंतीवरून काढली. जिन्यात आलेल्या प्रत्येक पोराला भिंतीला उभं करून पट्टीनं डोळ्यांची उंची पाहिली, खुणा केल्या आणि फळी त्या खुणांवर पुन्हा ठोकली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे डोळे जिथे येतात तिथे. मोठ्या माणसाला वाचायचं तर गुडघे वाकवावे लागत. आमचे अध्यक्ष निवृत्त ओव्हरसियर होते. ते कंबर धरून म्हणाले, "अहो, हे काय? आम्ही काय रांगत यायचं?"

"तुम्हाला कुणी बोलावलंय?" पट्टीअण्णा शांतपणे म्हणाले.

मग त्यांनी चित्रकथा लावली. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर काळ्या शाईनं काढलेल्या चौकटी. एक मुलगा परीक्षेत नापास होतो, घरी सांगत नाही आणि एका सकाळी शाळेऐवजी शहराबाहेरच्या आनेकल गावाच्या बसमध्ये जाऊन बसतो. एवढीच गोष्ट. दर आठवड्याला थोडी पुढे जायची. ड्राफ्ट्समनचा हात असल्यामुळे बसच्या पत्र्याचा खिळा न् खिळा जागेवर. पण माणसं मात्र त्या मुलाच्या उंचीवरून काढलेली. हेडमास्तरांचं टेबल किल्ल्यासारखं, आणि त्याच्यावरून नुसता चष्मा डोकावतोय. कंडक्टरचं पोट, त्यावरची पिशवी, आणि वर कुठेतरी लांब हनुवटी. शब्द अगदी थोडे. पण ते वाचल्याशिवाय राहवत नसे. मुलं एकमेकांना विचारून, बोट ठेवून वाचू लागली. जिना भरून जाई. खालचा कापडवाला तक्रार करू लागला.

मला आठवतं, एका रविवारी त्या लेख लिहिणाऱ्या बाईच, तेव्हा परकर-पोलक्यातल्या, दुसऱ्या मुलाशी भांडत होत्या.

"बस तिथं वळली ना, तेव्हा त्याची टोपी उडली."

"वळलेली कुठं हाय? दाखव बघू."

मुलीनं दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथं."

जिन्यावर उभ्या असलेल्या पट्टीअण्णांनी माझ्या दंडाला धरलं. एरवी ते कुणाला हात लावत नसत. "ऐकलंसा? वळण मी काढलंच न्हाई. तिनं काढलंय. ही मधली जागा त्यांची. तिथं मला जायचं काम न्हाई."

मी मान हलवली. मला तेव्हा ते फारसं कळलं नव्हतं. पण मंडळात मुलं येतात म्हणून अध्यक्ष माझी पाठ थोपटत होते, तेवढं कळत होतं. पाठ थोपटून घेण्याची सवय तिथून लागली.

त्या कथेत मुलाचा बाप होता, पण त्याचं तोंड कधीच दिसायचं नाही. दारात दोन पाय. जमिनीला टेकलेलं छत्रीचं टोक. पाठीमागे बांधलेले हात, त्यांतल्या एका मनगटावर आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ. एका चौकटीत नुसती चपलांची जोडी, डावी टाच झिजलेली, आणि मुलगा तिच्याकडे बघतोय. हे पाहताना जिन्यात आवाज बंद होत असे. माझा भाऊ तर त्या चौकटीपुढून हलायचा नाही.

याचं कारण मला नंतर कळलं, वाचणाऱ्याला आत्ताच सांगतो. माझा भाऊ सहामाहीत तीन विषयांत नापास झाला होता. प्रगतिपुस्तक त्यानं दप्तराच्या अस्तरात घातलं होतं. शाळेनं पालकाची सही मागितली होती आणि तो रोज उद्यावर ढकलत होता.

एका दुपारी जेवताना त्यानं मला विचारलं, "दादा, त्या मुलाच्या बाबांना कळलं, तर ते काय करतील?"

मी भात कालवत म्हणालो, "काय करतील? चांगला फोडून काढतील. आणि काढायलाच पाहिजे."

तो "हं" म्हणाला आणि ताट घेऊन उठला. ताटात भात होता. अन्न टाकलं म्हणून मी त्याला रागावलो.

त्याच सुमारास अध्यक्ष माझ्या कचेरीत आले. येऊन दार लोटून घेतलं. "सेक्रेटरी, मी लहान मनाचा माणूस नाही. पण तो बाप म्हणजे मी आहे हे सगळ्यांना कळतंय. ती छत्री माझी आहे. माझ्या नातवानं मला विचारलं, आजोबा, तुम्ही बाबांना मारायचात का?"

मी त्यांची समजूत घालून पाठवलं. दोन दिवसांनी आमचे खजिनदार. त्यांनी खुर्चीवर बसून पाय पुढे केला आणि चप्पल काढून माझ्या टेबलावर ठेवली. डावी टाच झिजलेली. "आता बोला!" म्हणाले. "माझ्या घरातली भानगड भिंतीवर? आणि तीही इतक्या खाली, पोरांच्या तोंडावर?"

हे मी पुढे पुष्कळ वर्षं विनोद म्हणून सांगितलं. अध्यक्षांना वाटलं अध्यक्ष, खजिनदारांना वाटलं खजिनदार, आणि लोक हसायचे. सांगताना एक गोष्ट गाळत आलो. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून घालायची सवय माझी होती. हात मागे बांधून उभं राहायचीही. पहिल्या आठवड्यापासून माझी खात्री होती की तो बाप मी आहे. समितीनं दबाव आणला म्हणून मी पुढचं केलं, असं मी म्हणत आलो. समिती नसती तरी केलं असतं.

मी राजाजीनगरला त्यांच्या खोलीवर गेलो. जमिनीवर बोर्ड तिरका लावून ते काम करत होते. मी म्हणालो, "अण्णा, त्या बापाला तोंड काढा. कुठलंही काढा. एकदा तोंड दिसलं की लोकांचे गैरसमज मिटतील."

"त्ये तोंड न्हाई त्यात."

"का नाही? माणसाला तोंड असतं."

"बाप चिडला की पोरगं तोंडाकडं बघतंय व्हय? खालीच बघतंय. मी पोराकडनं बघालोय."

मी सरळच विचारलं, "तो कोण आहे? मी आहे का?"

ते मनापासून चकित झाले. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही कशाला? माझा बाप हाय त्यो. तंबाखूच्या वखारीत होता. छत्री, चपला, घड्याळ, समदं त्येचंच." थोड्या वेळानं म्हणाले, "तोंड काढलं असतं ओ. पण मला ठावं न्हाई. मी बारा-तेरा वर्साचा होतो तवा गेला. नीट वर मान करून कधी बघितलंच न्हाई. आता आठवाय बसलं की पायच आठवत्यात."

इथे कुणीही विषय सोडून दिला असता. त्या दिवशी मीही सोडला. चहा घेतला, परत आलो. आणि शनिवारी आमच्या खोलीतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून एका गृहस्थाचं तोंड कात्रीनं कापलं. फेट्याचा, भरल्या गालांचा, हसरा माणूस. मंडळात जाऊन, रविवारसाठी लावून ठेवलेल्या नव्या पानावरच्या बापाच्या पायांवर एक कागद डकवला आणि त्यावर ते तोंड चिकटवलं. खाली सुंदर अक्षरात लिहिलं, 'वडील प्रेमळ असतात.' फळीही वर चढवून घेतली, अध्यक्षांच्या कमरेसाठी.

रविवारी मुलं आली. टाचा उंचावून बघितलं. एक जण हसला, "हे तर लग्नाला आलेत!" मग कुणीच हसलं नाही. परकर-पोलक्यातली मुलगी म्हणाली, "हा कोण? हा त्याचा बाप नाही." आणि ती निघाली. तिचा तिसऱ्या यत्तेतला भाऊही तिच्या मागोमाग जिना उतरून गेला. अर्ध्या तासात जिना रिकामा. पट्टीअण्णा सावकाश वर आले. पानापुढे उभे राहिले. मी काहीतरी सारवासारव करू लागलो, ती त्यांनी ऐकली नाही. त्या चिकटवलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "बरा माणूस दिसतोय." एवढंच. त्यात उपरोध नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझा भाऊ त्या दिवशी माझ्याबरोबर आला होता. आमच्या घरचं कॅलेंडर त्यानं ओळखलं असणार. मी मागे वळून पाहिलं तर तो नव्हता. घरी गेला असेल असं वाटलं. जेवायची वेळ टळली तरी घरी नव्हता. दप्तर होतं, त्याचं अस्तर उसवलेलं होतं, आणि प्रगतिपुस्तक माझ्या उशीवर ठेवलेलं होतं.

मी आधी शाळेकडे धावलो, तिथे रविवारचं कुलूप होतं, मग मंडळात. पट्टीअण्णा फळीवरच्या पिना काढत होते. मी कसंबसं सांगितलं.

"आनेकल," ते म्हणाले.

"कशावरून?"

"पोरगं तिथंच बसवलंय न्हवं मी. ह्या पानात स्टँडवर उतरून कट्ट्यावर बसलंय, आणि पुढं काय त्येला कळंना झालंय. तुमचा पोरगा दुसरीकडं कशाला जाईल? चला."

मार्केटजवळच्या स्टँडवरून बस मिळाली. ते नेहमीसारखे ताठ, मी त्यांच्या शेजारी. वाटेत मी मनातल्या मनात काय काय बोलायचं ते जुळवत होतो. असं करतात का, लोक काय म्हणतील, मी तुझ्यासाठी काय केलं नाही. मग शहर मागे पडलं, नाचणीची शेतं लागली, आणि तो तिथे नसला तर, असं मनात आलं. त्यापुढे मला काही जुळवता येईना. पट्टीअण्णा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "हेच तोंड घेऊन उतरा. बदलू नका."

आनेकलला उतरलो. तो कट्ट्यावर शेंगा खात बसला होता. भेटला. तिघं परत आलो.

त्या आठवड्यात समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, चित्रांचा काय परिणाम होतो तो सेक्रेटरींच्याच घरात दिसला. सगळे माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होते. मी एवढंच म्हणायला हवं होतं की पोरगं चित्रानं पळालं नाही, माझ्या उत्तरानं पळालं, आणि ते सापडलं ते चित्रामुळे. मी उभा राहिलो आणि चित्रकथा बंद करावी असा ठराव मांडला. पट्टीअण्णा मागच्या बाकावर होते. त्यांनी एकदा मान हलवली. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे, इथल्या माणसासारखं, आणि उठून गेले. पुढच्या वर्षी त्यांची उत्तरेकडच्या कुठल्या कारखान्यात बदली झाली. मी स्टेशनवर गेलो नाही. बऱ्याच वर्षांनी ते वारल्याचं कानावर आलं.

मुलं मात्र हळूहळू परत आली. त्या चार-सहा महिन्यांत त्यांना अक्षरं वाचता येऊ लागली होती आणि कपाटांत पुस्तकं होती. पुढे मंडळ त्यांनीच चालवलं. मुलांचा आकडा वाढला तेव्हा सेक्रेटरी मी होतो, म्हणून श्रेय माझं झालं. लेख लिहिणाऱ्या बाई परवा मसुदा द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, तुम्ही भिंतीवर चित्रं लावायचात ना, त्या आनेकलच्या मुलाचं पुढं काय झालं हो? मी अजून कधीकधी विचार करते." त्यांनी सत्तरी ओलांडली आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी भावाला फोन केला. तो आता राजाजीनगरलाच असतो, नातवंडं आहेत. पूर्ण वाचून दाखवलं.

मग म्हणाला, "दादा, एक राहिलं."

"काय?"

"'भेटला' असं लिहिलंयस. मी तुला कुठं भेटलो?"

"असू दे रे."

"असू दे काय? सगळं लिहितोयस तर ते पण लिही की."

लिहितो. बसमधून आधी मी उतरलो. माझा भाऊ कट्ट्यावरून उठला, पळत आला, मी हात पुढे केले, आणि तो माझ्या शेजारून जाऊन त्या माणसाच्या शर्टात तोंड खुपसून रडू लागला. पट्टीअण्णांना पोराबाळांची सवय नव्हती. हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं मला जवळ बोलावलं. पुन्हा पुन्हा बोलावलं.

मी गेलो नाही.